चिठ्ठीवरचा पत्ता

सरकारी कचेरीत ज्यांची हयात गेली त्यांना अनिर्णित कागदांच्या गठ्ठ्याची ओळख करून द्यावयास नको. ज्या कागदाचे काय करावे हे कोणास कळत नाही आणि जो फाडून टाकण्याचे धैर्यही कोणास होत नाही, तो त्या गठ्ठ्यात जाऊन पडतो. अधिकारी बदलून जातात, गठ्ठा तेथेच राहतो. पॅरिसच्या वनस्पतिउद्यानातही असा एक गठ्ठा होता. त्यात कागदपत्रांऐवजी वाळविलेल्या वनस्पती होत्या. ज्यांची ओळख पटली नव्हती अशा सर्व एका कपाटात घालून ठेविलेल्या. १८३९ सालच्या वसंत ऋतूत एसा ग्रे नावाचा अठ्ठावीस वर्षांचा अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ ते कपाट उघडून बसला, आणि त्यातील एका नमुन्यावर त्याची नजर खिळली.

नमुना म्हणजे तरी काय? काही वाटोळी, कडेला दातेरी अशी पाने आणि एक वाळलेले फळ. फूल नव्हतेच. सोबतच्या चिठ्ठीवर फ्रेंच भाषेत स्थळ लिहिले होते : कॅरोलिनाचे उंच डोंगर. त्यापुढे लॅटिनमध्ये दोन शंका होत्या : ही पायरोलाची एखादी जाती असावी काय? की ही एक नवीनच प्रजाती? वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेत जाती हे घर मानले तर प्रजाती हे घराणे होय. संग्राहकाला नव्या घराण्याचा संशय आला होता. पण फुलावाचून निर्णय देता येईना, म्हणून त्याने प्रश्नचिन्ह घालून कागद पुढे ढकलला होता.

ग्रे युरोपात आला होता तो मिशिगनच्या नव्या विद्यापीठासाठी ग्रंथ खरेदी करण्याच्या निमित्ताने. परंतु त्याचे मन होते ते ह्या संग्रहांत. अमेरिकेतील झाडाझुडपांचे जे नमुने पहिल्यांदा गोळा झाले ते सारे लंडन-पॅरिसला जाऊन पडले होते; आपल्याच रानातील वनस्पतीचे मूळ दप्तर पाहण्यासाठी अमेरिकन माणसाला समुद्र ओलांडावा लागे. आपल्याकडील वनस्पतींचे मूळ नमुने पाहण्यासाठी क्यूच्या उद्यानाकडे जावे लागते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्याचे नवल वाटणार नाही. ग्रेने आपला वडीलधारा सहकारी जॉन टॉरी ह्याला पॅरिसहून लगोलग ह्या नमुन्याविषयी कळविले. संशय खरा होता. घराणे नवीन होते. त्या दोघांच्या नावे १८४२ मध्ये ते जाहीर झाले. केंटकीमधील एक वैद्य व वनस्पतींचा नामांकित संग्राहक चार्ल्स विल्किन्स शॉर्ट ह्याच्या सन्मानार्थ ‘शॉर्टिया’, आणि गॅलॅक्स नावाच्या वनस्पतीसारखी पाने म्हणून ‘गॅलॅसिफोलिया’. शॉर्ट १८६३ साली वारला. आपले नाव धारण करणारी वनस्पती त्याने जिवंत कधीच पाहिली नाही.

हा नमुना ज्याने गोळा केला त्या आंद्रे मिशोची कथा, आपला मुलूख सोडून दूरच्या ठाण्यावर नोकरी करणाऱ्या कोणालाही जवळची वाटेल. १७४६ साली व्हर्सायजवळच्या एका राजशेतीवर तो जन्मला. लग्नानंतर वर्षभरातच मुलाला जन्म देऊन पत्नी वारली; त्या दुःखातून बाहेर पडण्यासाठी तो वनस्पतिशास्त्राकडे वळला असे त्याचे चरित्रकार सांगतात. इराणचा प्रवास करून तो परतला तोच १७८५ साली त्याला सोळाव्या लुईच्या सरकारने अमेरिकेला धाडले. जहाजबांधणीने फ्रान्सची जंगले रोडावली होती. नव्या जगातील उपयुक्त वृक्ष आणून ती भरून काढावी, ही योजना. मिशोने प्रथम न्यू जर्सीत आणि मग दक्षिणेस चार्ल्स्टनजवळ रोपवाटिका थाटली, पंधरा वर्षांचा मुलगा फ्रांस्वा आंद्रे ह्याला बरोबर ठेवले, आणि तो स्वतः वर्षानुवर्षे रानोमाळ हिंडला. साठ हजारांच्या आसपास रोपे त्याने मायदेशी पाठविली असे सांगतात. पुढे राज्यक्रांती झाली, राजा गेला, आणि राजाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाचा पगारही गेला. तरी हा गृहस्थ काम करीतच राहिला. ज्या खात्याचे अस्तित्वच उरले नाही त्याचे काम चोख बजावणारा नोकर म्हणून मला तरी मिशोचे मोठे कौतुक वाटते.

१७८७ च्या उन्हाळ्यात तो एकदा किओवी नदीच्या उगमाकडे जाऊन आला होता; १७८८ च्या डिसेंबरात पुन्हा गेला. आजच्या दक्षिण कॅरोलिना राज्याचा हा वायव्य कोपरा. ॲपलाचियन डोंगरांचा दक्षिणेकडील उतार येथे एकदम तुटतो आणि चार-पाच नद्या धबधब्यांनी खाली कोसळतात. पाऊस अतिशय, घळी अरुंद, अंधाऱ्या, सदैव ओलसर. घळींच्या कडेने ऱ्होडोडेंड्रॉनची जाळी माजलेली असते. दार्जिलिंगकडे किंवा कुमाऊँत ज्यांची नोकरी झाली आहे त्यांनी बुरांस पाहिलाच असेल; त्याचीच ही दूरची भावंडे, मात्र झुडपाएवढी आणि वाट अडविणारी.

डिसेंबरातील त्या दिवसांत मिशोने रोजनिशीत एक नोंद केली. डोंगराच्या उतारावर, नदीपासून थोड्याच अंतरावर, दातेरी पानांचे एक नवीन सरपटणारे झुडूप त्याला आढळले होते. आणि त्याने नुसती नोंद केली नाही, तर तेथे कसे जावे हेही लिहून ठेविले. दोन मोठे ओघ डोंगरातून येऊन एका लहानशा सपाटीवर मिळतात, तेथून नदी डाव्या हाताला ठेवून खाली उतरावे. दोनतीनशे फुटांवर रेड इंडियन शिकाऱ्यांची पाऊलवाट लागते. ती एका ओढ्याशी जाते. तेथे झुडपांच्या गर्दीत अजून उभ्या असलेल्या पीचच्या झाडांवरून पूर्वीच्या गावाची जागा ओळखू येते. तीच वाट धरून पुढे गेले की डोंगर लागतो आणि हे झुडूप जमीन झाकून पसरलेले दिसते. आपल्याकडे पडक्या गढीची जागा चिंचेवरून सांगतात, तसा हा प्रकार.

ती पीचची झाडे कोणाची? किओवीच्या खोऱ्यात चेरोकी लोकांची गावे होती. पीच मूळचे त्यांचे नव्हे. स्पॅनिश लोकांबरोबर ते अमेरिकेत आले आणि रेड इंडियनांच्या वाड्यावस्त्यांतून पार रुजले. १७६० साली ब्रिटिश फौजेने ही गावे जाळली. लोक परतले, पुन्हा वसले. १७७६ साली स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या अमेरिकनांच्या सैन्याने ती पुन्हा जाळली, आणि पुढच्या वर्षीच्या तहान्वये खोरे चेरोकींच्या हातून गेले. मिशो तेथे पोचला तेव्हा ह्या गोष्टीला अकराच वर्षे झाली होती. वाटाड्ये होते ते रेड इंडियनच. ते फूल त्यांना ठाऊक असणार ह्याविषयी मला शंका वाटत नाही. अंगणातल्या ओढ्यावर दर वसंतात गालिचा पसरतो तो माणसाच्या दृष्टीस पडल्यावाचून कसा राहील? परंतु ‘शोध’ ह्या शब्दाची त्या काळची व्याख्या निराळी होती. ग्रे पॅरिसच्या कपाटापाशी बसला त्याच्या आदल्याच वर्षी, १८३८ मध्ये, मागे उरलेल्या चेरोकींपैकी बहुतेकांना सैन्याच्या पहाऱ्यात मिसिसिपीपलीकडे हाकून नेण्यात आले होते.

मिशो १७९६ साली परत निघाला. हॉलंडच्या किनाऱ्याशी जहाज फुटले. तो स्वतः बेशुद्धावस्थेत काठाला लागला; त्याच्या वह्यांपैकी पहिली गेली, नमुन्यांच्या पेट्या बहुतेक वाचल्या, पण भिजलेल्या. प्रत्येक कागद उलगडून, नमुना धुऊन, पुन्हा वाळवीत तो कित्येक दिवस तेथेच बसला. पॅरिसला पोचल्यावर त्याला दिसले की आपण धाडलेल्या हजारो रोपांपैकी फारच थोडी जगली आहेत. थकलेल्या सात वर्षांच्या वेतनापैकी अल्पसा भाग हाती पडला. १८०० मध्ये तो बोदँच्या दक्षिणसमुद्राच्या सफरीवर निघाला, मॉरिशसला उतरला, आणि १८०२ साली मादागास्करमध्ये तापाने मरण पावला. उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १८०३ मध्ये निघाला. त्यात ही वनस्पती नाही. ती कपाटात होती.

आता ग्रेकडे वळू. चिठ्ठीवर पत्ता स्पष्ट होता : उंच डोंगर. तेव्हा १८४१ च्या उन्हाळ्यात ग्रे जॉन केरी ह्या मित्रासह उत्तर कॅरोलिनाच्या उंच डोंगरांत गेला. ग्रँडफादर पर्वत, रोन पर्वत, सहा हजार फुटांच्या आसपासची ही शिखरे त्याने पायाखाली घातली. ग्रँडफादरवर मिशोही १७९४ साली चढला होता, आणि हेच उत्तर अमेरिकेतील सर्वांत उंच शिखर अशा समजुतीने त्याने माथ्यावर उभे राहून फ्रेंच क्रांतीचे गीत गायिले होते. ती समजूत खोटी होती. पण ‘उंच डोंगर’ म्हटल्यावर ग्रेचे पाय त्या बाजूस वळले ह्यात त्याचा दोष नाही. ग्रेला पुष्कळ दुर्मीळ वनस्पती मिळाल्या, शॉर्टिया मिळाली नाही. १८४३ मध्ये तो पुन्हा गेला. पुन्हा तेच. पुढे तर त्या बाजूस जाणाऱ्या प्रत्येक वनस्पतिशास्त्रज्ञाला शॉर्टिया सापडली की नाही असे विचारण्याचा प्रघातच पडला, आणि असली वनस्पती मुळात आहे तरी काय, अशी शंकाही काहींना येऊ लागली.

ती का सापडली नाही हे समजण्यासाठी वनस्पतीच नीट पाहिली पाहिजे. शॉर्टिया ही जमिनीलगतची सदाहरित वनस्पती. जमिनीखालच्या आडव्या खोडाने ती हळूहळू पसरते आणि ओढ्याच्या उतरणीवर पानांची सलग चटई विणते. पान वाटोळे, चकचकीत, टोकाशी किंचित खाचलेले, कडेस बोथट दाते असलेले. थंडीत ते तांबूस कांस्यवर्णी होते. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या आरंभापर्यंत, झाडांना पालवी फुटण्याच्या आधी, वीतभर उंचीच्या लालसर देठावर एकच एक फूल येते. इंचभर रुंद, पांढरे, क्वचित गुलाबी झाक असलेले, घंटेसारखे खाली झुकलेले, आणि पाच पाकळ्यांच्या कडा कात्रीने कातरल्यासारख्या. दोनतीन आठवड्यांत सारा खेळ आटोपतो. पहिल्या वळवानंतर आपल्या माळावर चार दिवस दिसून नाहीशी होणारी कंदफुले ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही घाई परिचित वाटेल. मग उरतात ती पाने; आणि त्याच रानात, त्याच सावलीत, त्याच कुलातील गॅलॅक्स उदंड वाढते. तिचेही पान वाटोळे, तिचेही चकचकीत, तिचेही थंडीत तांबडे. गॅलॅक्सचे पान मोठे व देठापाशी हृदयाकृती असते, आणि उन्हाळ्यात तिला पांढऱ्या फुलांचा उंच तुरा येतो, हा भेद. ग्रे आणि त्याचे सोबती जात ते सुटीत, म्हणजे उन्हाळ्यात. शॉर्टियाच्या शेजारून ते चालत गेले असते तरी गॅलॅक्सची पिल्ले समजून पुढे निघून गेले असते.

परंतु ते तिच्या शेजारून गेलेच नाहीत, ही मुख्य गोष्ट. शॉर्टिया उंच डोंगरात होत नाही. तिला लागते ती घळीच्या तळची, ओढ्यालगतची, उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे तोंड असलेली, आम्लधर्मी, सदा ओली माती. आणि ही जागा समुद्रसपाटीपासून हजार-दीड हजार फुटांच्या आसपास असते. तिचे बी बारीक असते, ते दूर जात नाही, आणि पाचोळ्याने झाकलेल्या जमिनीत रुजत नाही. ओढ्याच्या पुराने काठ खरवडला जावा, उघडी ओली माती दिसावी, तेव्हा तेथे तिचे रोप धरते. म्हणजे ती पाण्यापासून वर सरकू शकत नाही. चार्ल्स्टनच्या सपाट किनाऱ्याहून दोनशे मैल घोड्यावर येणाऱ्या मिशोला किओवीवरचे ते कडे उंच वाटले असतील. तो सारा मुलूखच त्याच्या लेखी ‘उंच डोंगर’ असावा, असा माझा तर्क आहे. रोजनिशीत त्याने लिहिले ‘नदीपासून थोड्याच अंतरावर’. चिठ्ठीवर आले ‘उंच डोंगर’. चिठ्ठी पॅरिसला राहिली. रोजनिशीच्या वह्या मुलाने १८२४ साली फिलाडेल्फियाच्या तत्त्वज्ञान परिषदेला देऊन टाकल्या. एकाच प्रकरणाची दोन टिपणे दोन दप्तरांत, मध्ये अटलांटिक महासागर.

एका फुलासाठी ग्रेने इतकी वर्षे का घालविली, असा प्रश्न साहजिक आहे. प्रथम ती केवळ हौस असेल. पुढे तसे राहिले नाही. १८५० नंतरच्या दशकात अमेरिकन आरमाराच्या सफरीवर गेलेल्या चार्ल्स राइट नावाच्या संग्राहकाने जपानमधून वाळविलेल्या वनस्पती आणल्या आणि त्या अभ्यासासाठी ग्रेकडे आल्या. ग्रेला जे दिसले ते चमत्कारिक होते. जपानच्या रानातील कितीतरी वनस्पतींची सख्खी भावंडे अमेरिकेच्या पूर्व भागात होती. मधल्या विशाल प्रदेशात मात्र त्यांचा मागमूस नव्हता. एकेका जातीची उत्पत्ती आज ती दिसते तेथेच निराळी झाली असे मानणाऱ्यांना ह्याचा उलगडा करता येईना. ग्रेने १८५९ साली मांडले की फार पूर्वीच्या उबदार काळात उत्तरेकडे दोन्ही खंडांवर एकच सलग अरण्य होते. हिमयुगाने ते दक्षिणेकडे रेटले, मधले दुवे नष्ट झाले, आणि पूर्व आशिया व पूर्व अमेरिका ह्या दोन टोकांना त्याचे अवशेष उरले. दोन वर्षांपूर्वीच, सप्टेंबर १८५७ मध्ये, डार्विनने आपल्या सिद्धांताची रूपरेषा खाजगी पत्राने ग्रेलाच कळविली होती. जपानी वनस्पतींचा हा पुरावा त्या सिद्धांताला मोठे बळ देणारा ठरला.

आणि जपानमध्ये शॉर्टियाचे भावंड होते. रशियन शास्त्रज्ञ माक्सिमोव्हिच ह्याने वर्णिलेली तेथील एकपुष्पी वनस्पती शॉर्टियाच्याच घराण्यातली निघाली. पुढे चीनमध्ये व तैवानातही ह्या घराण्यातील जाती सापडल्या. ह्याच कुलातील एक उशीसारखी ठेंगणी वनस्पती, डायापेन्सिया हिमालयिका, आपल्या सिक्कीमच्या उंच खडकांवर वाढते. गंगटोककडे बदली झालेल्या एखाद्या वाचकाने रजेत तिचा शोध घ्यावा. तेव्हा जपानी भाऊ हाताशी, अमेरिकन बहीण मात्र एका वाळल्या पानापुरती, अशी ग्रेची स्थिती होती. तिचे फूल कसे असेल ह्याचा अदमास त्याने जपानी भावंडावरून बांधून ठेविला होता.

मे १८७७ मध्ये उत्तर कॅरोलिनातील मॅरियन गावाजवळ, कटॉबा नदीच्या काठाने, मॉर्डेकाय हाय्म्स नावाचा एक वनौषधी गोळा करणारा गृहस्थ आपल्या सतरा वर्षांच्या मुलाबरोबर चालला होता. स्टेट्सव्हिल गावच्या एका मोठ्या वनौषधी पेढीचा तो नोकर. त्याने पुढे सांगितलेल्या हकीकतीप्रमाणे रस्त्याकडेच्या एका चढणीने त्याचे लक्ष वेधले; पण वय साठीला आलेले, पाय थकलेले, तेव्हा वर जाऊन जे काही फुललेले असेल ते घेऊन ये असे त्याने पोराला, जॉर्जला, सांगितले. पोराने आणले ते बापाला ओळखता आले नाही. ते वाळवून ठेविले गेले. पुन्हा एक गठ्ठा. वर्ष-दीड वर्षाने त्याने तो नमुना ऱ्होड आयलंडमधील जोसेफ काँग्डन ह्या हौशी अभ्यासकाला पाठविला. काँग्डनने ग्रेला लिहिले की ही शॉर्टिया असावी असे मला वाटते. १८७८ च्या ऑक्टोबरात नमुना ग्रेच्या हाती पडला. पाने तीच, आणि आता फूलही होते, अदमासाबरहुकूम. १८४१ साली शिखरे धुंडाळणारा तरुण आता सदुसष्ट वर्षांचा झाला होता. १८७७ च्या उन्हाळ्यात, म्हणजे पोराने फूल खुडले त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ग्रे हिमालयाचा जाणकार जोसेफ हूकर ह्याच्यासह अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांत वनस्पतींचे वाटप कसे झाले ह्याचाच अभ्यास करीत हिंडत होता. त्याच वेळी त्या अभ्यासातील त्याचा सर्वांत आवडता पुरावा स्टेट्सव्हिलला एका औषधविक्याच्या कागदात वाळत पडला होता.

१८७९ मध्ये ग्रे पत्नीसह व मित्रांसह मॅरियनला गेला. हाय्म्सने जागा दाखविली. रस्त्यालगतचा एक लहानसा पट्टा, त्यात मोजता येतील इतकी झाडे, शेजारी अर्थातच गॅलॅक्स. हंगाम टळून गेला होता. रानात फुललेली शॉर्टिया ग्रेच्या दृष्टीस कधीच पडली नाही.

पण ही मिशोची जागा नव्हती. कटॉबा आणि किओवी ह्यांत सरळ रेषेनेही साठ-सत्तर मैलांचे अंतर, आणि मिशोचा नमुना येथला असावा असे मानण्यास आधार नव्हता. हे कोडे सोडविले ते ग्रेच्या त्या प्रवासातील एका सोबत्याने, हार्वर्डच्या अर्नल्ड वृक्षोद्यानाचा प्रमुख चार्ल्स सार्जंट ह्याने. १८८६ च्या शरद ऋतूत मिशोने नोंदलेल्या एका चाफ्याच्या जातीच्या, मॅग्नोलियाच्या, शोधात तो किओवीच्या उगमाकडे गेला. मॅग्नोलिया शोधता शोधता हाताशी आले ते वाटोळे दातेरी पान. टॉक्सवे आणि हॉर्सपास्चर ह्या नद्या जेथे मिळतात त्या परिसरात शॉर्टिया होती, आणि एखाद्या पट्ट्यापुरती नव्हे. घळीमागून घळी तिने झाकलेल्या होत्या. रोजनिशीतील वर्णन आणि जमीन आता एकमेकांशी जुळली. ग्रेला हे वर्तमान जिवंतपणी कळले. जानेवारी १८८८ मध्ये तो वारला. सार्जंटने १८८९ साली मिशोच्या वह्या मूळ फ्रेंचमध्ये छापून काढल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये किओवीवरील शॉर्टिया प्रथमच फुललेली पाहिली गेली. पाहणारे होते त्याच भागात राहणारे लोक. कारण साधे आहे. मार्चमध्ये तेथे असतो तो स्थानिक माणूस. पाहुणा उन्हाळ्यात येतो.

इथपर्यंत ही हकीकत अमेरिकन पुस्तकांतून अनेकवार सांगितली गेली आहे, आणि येथेच ती आनंदाने संपवितात. पुढला भाग तितका सुखाचा नाही.

व्हाइटवॉटर, थॉम्पसन, टॉक्सवे आणि हॉर्सपास्चर ह्या नद्या अरुंद घळींतून येऊन एकत्र होतात. धरण बांधण्यास ह्याहून सोयीची जागा कोणत्या अभियंत्याला हवी असते? विजेसाठी येथे ३८५ फूट उंचीचा बांध घालण्यात आला आणि १९७३ मध्ये जोकॅसी सरोवर उभे राहिले; सुमारे साडेसात हजार एकर पाणी, काही ठिकाणी तीनशे फुटांहून अधिक खोल. जोकॅसी हे नावही एका चेरोकी गावाचेच. नदीकाठ सोडून वर न सरकणाऱ्या वनस्पतीचे काय झाले असेल हे सांगावयास नको. शॉर्टियाचे निम्म्याहून अधिक ताटवे ह्या पाण्याखाली गेले असा अंदाज आहे. मिशोने ज्या संगमापासून वाट सांगितली होती तो संगम, ती सपाटी, तो ओढा, पीचच्या झाडांची जागा, सारे बुडाले. वीज आम्हांलाही हवी असते, आणि कोयनेच्या व भाक्राच्या काळात ज्यांनी सरकारी नोकरी केली त्यांनी ह्या बाबतीत दुसऱ्याकडे बोट दाखवू नये हे बरे. तरीही मनात येते की पत्ता सापडण्यास अठ्ठ्याण्णव वर्षे लागली आणि सापडल्यावर तो टिकला सत्त्याऐंशी वर्षे.

वनस्पती निर्वंश झाली नाही. सरोवराच्या वरच्या अंगाला, उरलेल्या ओढ्यांच्या काठी ती आहे. दक्षिण किनाऱ्यावरील डेव्हिल्स फोर्क उद्यानात एका लहानशा ओहोळाकाठची पायवाट ह्या फुलाच्याच लोकप्रचलित नावाने, ‘ओकोनी बेल’ म्हणून, ओळखली जाते. मार्चच्या अखेरीस तेथे लोक मुद्दाम जातात. बागांतूनही ती जोपासली जाते. जपानी व चिनी भावंडे आपापल्या ठिकाणी आहेत.

ओळखीचा एक धागा मात्र मागाहून पुन्हा उसवला गेला, तो सांगितला पाहिजे. १९५२ साली डेव्हिस नावाच्या अभ्यासकाने मॅरियनकडील आणि किओवीकडील झाडे शेजारी ठेवून तपासली. त्याला आढळले की मॅरियनच्या फुलातील किंजल, म्हणजे बीजकोशावर उभी राहणारी बारीक दांडी, स्पष्टपणे आखूड आहे. त्याने तिला त्याच जातीचा एक उपप्रकार मानले. २०१९ मध्ये, झाडांच्या आनुवंशिक घटकांची तुलना केल्यानंतर, संशोधकांनी ती निराळी जातीच ठरविली. कटॉबाच्या उगमाकडील थोड्याशा प्रदेशाबाहेर कोठेही न होणारी. हे मत मान्य केले तर सतरा वर्षांच्या जॉर्जने खुडलेले आणि ग्रेने चाळीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर हाती घेतलेले ते फूल शॉर्टिया होते खरे, पण ज्या वाळलेल्या पानांवरून त्याने शोध आरंभिला ती जाती ते नव्हते. ती जाती सार्जंटला मिळाली, मॅग्नोलिया शोधताना.

मूळ नमुना अद्याप पॅरिसच्या संग्रहात आहे. तो आता अनिर्णित कपाटात नाही. नाव लागलेले आहे. पण मिशोची जुनी चिठ्ठी काढलेली नाही, आणि तिच्यावर अजून ‘उंच डोंगर’च लिहिलेले आहे.